पूर्वतपासणी आणि सीमेपलीकडचा आवाज : गोव्यातील प्रसारण-नियंत्रणाचा इतिहास

प्रसारणावरील बंदीची चर्चा बहुधा गाजलेल्या प्रकरणांपुरती होते, म्हणजे एखाद्या मालिकेचा भाग ऐन वेळी रद्द होतो, वृत्तपत्रांत वाद रंगतो आणि काही दिवसांनी तो विरतो. नियंत्रणाचा फार मोठा भाग मात्र श्रोत्याच्या किंवा प्रेक्षकाच्या नजरेस पडतच नाही, कारण मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ते काम उरकलेले असते. प्रकाशन, प्रयोग किंवा प्रक्षेपण होण्यापूर्वी सत्तेने वा प्रसारकाने मजकूर वाचून त्यातले काय पुढे जाऊ द्यायचे हे ठरवणे, या पद्धतीला पूर्वतपासणी म्हणतात. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या साडेतीन दशकांत गोव्यामध्ये ही पद्धत वृत्तपत्रांपासून रंगभूमीपर्यंत आणि पुढे नभोवाणीपर्यंत पसरली. तिला सर्वांत परिणामकारक उत्तर मिळाले तेही हवेतूनच, आणि ते गोव्याच्या सरहद्दीबाहेर, सह्याद्रीच्या जंगलात उभारलेल्या एका लहानशा ट्रान्समीटरवरून. पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडील तालुक्यांच्या अंगाने पाहिले, तर हे उत्तर सीमेपलीकडून का आले आणि ते का टिकले, हे नीट उलगडते.

हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हा प्रदेश पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतला, त्याला जुनी काबिजाद म्हणतात, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जो मुलूख त्यांच्याकडे गेला त्याला नवी काबिजाद हे नाव पडले. डिचोली आणि सत्तरी १७८० नंतरच्या पहिल्या वर्षांत, तर पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. तोवर जुन्या काबिजादीतील सक्तीच्या धर्मांतराचा काळ मागे पडला होता आणि नव्या प्रदेशातील रयतेचे धर्म व चालीरीती न मोडण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. त्यामुळे या तालुक्यांतील देवस्थाने, जत्रा, कीर्तने आणि मराठी पोथ्यांचे वाचन चालू राहिले, आणि राजकीय सीमा आखली गेली तरी बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या भागाशी असलेले सोयरसंबंध व बाजारहाट तुटले नाहीत. लिस्बनहून येणाऱ्या हुकमांना गोव्याची हद्द जितकी स्पष्ट दिसत होती, तितकी ती पेडण्यातील शेतकऱ्याला किंवा डिचोलीतील व्यापाऱ्याला त्याच्या रोजच्या व्यवहारात कधीच जाणवली नाही.

मजकुरावर आधी परवानगीचा शिक्का घेण्याची प्रथा गोव्यात मुद्रणाइतकीच जुनी आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात सुरू झाला आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा शोध घेऊन शिक्षा करणारे चर्चचे न्यायपीठ, तेथे स्थापन झाले. या न्यायपीठाच्या व धर्माधिकाऱ्यांच्या अनुज्ञेशिवाय पुस्तक छापणे शक्य नव्हते, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ही त्याच चौकटीतून बाहेर पडले. पुढे १७५४ मध्ये पोर्तुगालच्या मार्क्विस ऑफ पोंबाल यांच्या राजवटीने गोव्यात छापखाना चालवण्यासच मनाई केली. भारतात मुद्रण जेथे प्रथम अवतरले, त्याच भूमीत ते त्यानंतर सुमारे साडेसहा दशके बंद राहिले, आणि १८२० च्या पोर्तुगालमधील उदारमतवादी क्रांतीनंतरच, २२ डिसेंबर १८२१ रोजी, ‘गॅझेटा द गोवा’ या शासकीय पत्राने पुन्हा वाट मोकळी झाली.

गोव्यातील हिंदूंना आणि मराठी वाचकांना खऱ्या अर्थाने श्वास घेता आला तो १९१० ते १९२६ या काळात. ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, शासन आणि चर्च यांची फारकत झाली आणि नागरी हक्कांत धर्मभेद उरला नाही. याच काळात मराठी नियतकालिके निघाली, आणि गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ मध्ये सुरू केलेले ‘भारत’ हे पत्र खटल्यांना तोंड देत दीर्घकाळ लढत राहिले. २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने हा काळ संपला. पोर्तुगालमध्ये लगेचच वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली, जुलै १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने, ज्याला ‘आक्तो कोलोनियाल’ म्हणतात, वसाहतींतील जनतेचे दुय्यम स्थान घटनात्मक रूपात बांधले गेले, आणि १९३३ च्या राज्यघटनेबरोबर आंतोनियु द ऑलिव्हैरा सालाझार यांची ‘एस्तादो नोवो’, अर्थात ‘नवे राज्य’ नावाची हुकूमशाही स्थिर झाली. पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी जुलै १९३० मध्ये गोव्याच्या विधान परिषदेत या वसाहत कायद्याविरुद्ध ठराव मांडून स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. त्यांचे ‘प्रकाश’ हे पत्र मात्र १९३७ नंतर चालू शकले नाही.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी चाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. वृत्तपत्राची मुद्रिते छपाईपूर्वी तपासनिसाकडे जात, तो निळ्या पेन्सिलीने नको तो मजकूर खोडत असे, आणि मान्य झालेला अंक ‘तपासणी समितीने पाहिले’ अशा अर्थाच्या ओळीसह निघत असे. खोडण्याचे कारण लेखी देण्याचे बंधन तपासनिसावर नव्हते आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा खरा मार्गही नव्हता. सभांना परवानगी लागे, पत्रकांना लागे, आणि विवाहाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी दाखवाव्या लागत, असे त्या काळातील स्वातंत्र्यसैनिकांनी नोंदवून ठेवले आहे. १८ जून १९४६ रोजी समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत बोलण्यास उभे राहिले, तेव्हा त्यांनी मोडलेला मुख्य नियम परवानगीवाचून सार्वजनिक सभा न घेण्याचा होता. त्याच वर्षी गोव्यातील राष्ट्रवादी नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना अटक होऊन लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पोर्तुगालमधील पेनीश किल्ल्यात ठेवण्यात आले. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एका भोजनप्रसंगी, गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याच्या विधानावर मोजक्या शब्दांत निषेध नोंदवला, एवढ्यावरून त्यांना पकडून लिस्बनला नेण्यात आले. छापील शब्दापासून भोजनाच्या टेबलावरील शब्दापर्यंत नियंत्रणाची साखळी एकच होती.

रंगभूमीही या साखळीत होती. तियात्र, म्हणजे गाणी आणि प्रवेश यांनी गुंफलेले कोंकणी नाटक, तसेच मराठी संगीत व ऐतिहासिक नाटके यांच्या संहिता प्रयोगापूर्वी अधिकाऱ्यांच्या परवानगीसाठी द्याव्या लागत. मात्र पूर्वतपासणीचे सारे सामर्थ्य लिखित संहितेवर अवलंबून असते, आणि पेडणे, डिचोली व शेजारचा सिंधुदुर्ग या पट्ट्यातील सर्वांत लोकप्रिय नाट्यप्रकाराला अशी संहिताच नसते. दशावताराच्या प्रयोगात आधी गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार होतो आणि नंतर पुराणातले एखादे आख्यान रंगते. आख्यानाचा सांगाडा ठरलेला असला तरी संवाद कलावंत रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात, त्यामुळे राजसभेतील दैत्याच्या किंवा राक्षसाच्या तोंडी त्या दिवशी काय येईल, हे आधी वाचून ठरवण्याची सोय कोणत्याही अधिकाऱ्याला नसते. जत्रेतील दहिकाल्याला हजर राहणारा समाज धर्माच्या निमित्ताने जमलेला असल्याने सबंध खेळ रोखणे म्हणजे नव्या काबिजादीत दीर्घकाळ पाळलेल्या धोरणाला हात घालणे ठरले असते. आजचा प्रश्न पुराणकाळात नेऊन मांडण्याची ही जुनी रीत लक्षात ठेवली, तर पुढे उल्लेखलेल्या विसाव्या शतकातील विज्ञानकथा-मालिकांच्या भागांवर प्रसारकांनी बंदी का घातली हेही समजणे सोपे जाते.

नभोवाणीने चित्र बदलले, कारण तिच्यात शासन केवळ तपासनीस न राहता स्वतः वक्ता झाले. १९४६ मध्ये पणजीत ‘एमिसोरा द गोवा’ हे केंद्र सुरू झाले आणि १९५० नंतरच्या दशकात त्याचा विस्तार होऊन पोर्तुगीज, कोंकणी, मराठी यांसह अन्य भाषांतूनही कार्यक्रम होऊ लागले. वृत्तपत्रात निळ्या पेन्सिलीने काही खोडले तर निदान लेखकाला, मुद्रकाला आणि संपादकाला ते ठाऊक असे. येथे प्रक्षेपणाचे साधन, त्यावर बोलणारा माणूस आणि बोलावयाचा मजकूर ही तिन्ही शासनाच्याच हातात असल्याने वगळलेल्या गोष्टीचा मागमूसही उरत नसे. पोर्तुगालच्या धोरणावरील टीका, गोव्यातील अटका, आफ्रिकेतील वसाहतींमधील अस्वस्थता, हे विषय या केंद्रावरून गोमंतकीयांना प्रामाणिकपणे ऐकायला मिळणे अशक्य होते. नियंत्रणाचा हा प्रकार सर्वांत पूर्ण असतो, कारण त्यात बंदीचा हुकूम काढण्याची वेळच येत नाही.

याच काळात सीमेपलीकडची आकाशवाणीही सर्वस्वी खुली नव्हती, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. हार्मोनियमवर, म्हणजे भजन-कीर्तनात रुळलेल्या पेटीवर, आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत शिथिल झाली नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताच्या जपणुकीसाठी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून शासनाला माघार घ्यावी लागली. तरीही दोन्ही व्यवस्थांत मूलभूत भेद होता. केसकरांच्या निर्णयावर संसदेत आणि वृत्तपत्रांत उघड टीका झाली व ती टीका परिणामकारक ठरली, तर गोव्यात तपासणीवर टीका करणारा मजकूरच तपासणीत अडकत असे. दरम्यान अनेक गोमंतकीय कलावंतांना आणि साहित्यिकांना भारतीय नभोवाणीत स्थान मिळाले. कवी बा. भ. बोरकर पुणे केंद्रावर होते, आणि गायक-संगीतकार जितेंद्र अभिषेकी यांनी मुंबई केंद्राच्या कोंकणी विभागात काही काळ काम केले.

१९५४ आणि १९५५ ही वर्षे उत्तर सीमेसाठी निर्णायक ठरली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला, आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या अनेक प्रांतांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडू लागले तेव्हा पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे पंजाबचे तरुण कर्नैलसिंग बेनिपाल हुतात्मा झाले, आणि तेथील स्मारक आजही त्या दिवसाची साक्ष देते. या गोळीबारानंतर भारताने सीमा बंद केली, दळणवळण थांबले, आणि गोव्यात राहणाऱ्या माणसाला बाहेरच्या जगाची बातमी मिळण्याचा मार्ग आणखी अरुंद झाला. माणसे, पत्रे आणि वृत्तपत्रे अडवता येत होती. अडवणे अवघड होते ते फक्त ध्वनिलहरींना.

या जाणिवेतून २५ नोव्हेंबर १९५५ रोजी ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, पोर्तुगीजमध्ये ‘व्होझ दा लिबर्दाद’, हे गुप्त केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि निकोलाव मिनेझिस हे त्याचे प्रारंभीचे आधारस्तंभ होते. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले तेव्हा पोर्तुगिजांकडून हस्तगत केलेल्या बिनतारी संचांतून ट्रान्समीटर तयार करण्यात आला आणि तो प्रथम आंबोलीच्या जंगलात बसवला गेला. सावंतवाडी ते बेळगाव या वाटेवरचे, मुसळधार पावसाचे हे ठिकाण डिचोली व पेडण्याच्या ईशान्येला, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, त्यामुळे गोव्याच्या सखल भागापर्यंत आवाज पोहोचवण्यास ते सोयीचे होते. पुढे केंद्र गोव्याच्या सीमेलगतच्या कॅसल रॉकच्या परिसरात हलवण्यात आले. पोर्तुगीज आणि कोंकणी अशा दोन भाषांत रोज सकाळी प्रक्षेपण होई. त्यात ‘एमिसोरा द गोवा’वरील दाव्यांना उत्तरे असत, भारताची भूमिका असे, आणि आफ्रिकेतील स्वातंत्र्यलढ्यांच्या त्या बातम्याही असत ज्या गोव्यातील तपासनीस कधीच बाहेर पडू देत नव्हते. पोर्तुगीजमधून बोलण्याचा निर्णय विशेष महत्त्वाचा होता, कारण त्यामुळे खुद्द पोर्तुगीज अधिकारी आणि सैनिक यांच्यापर्यंतही तो मजकूर जात होता.

हे काम सहा वर्षे, घनदाट रानात, आजारपण आणि एकांत सोसून, खंड पडू न देता चालले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेनेने मोहीम हाती घेतली तेव्हा याच केंद्रावरून गोव्याच्या प्रशासनाला शरणागतीचे आवाहन करण्यात आले. १८ डिसेंबर रोजी भारतीय वायुदलाने बांबोळी येथील बिनतारी केंद्रावर हल्ला करून ते निकामी केले, आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करल्यावर वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून पणजी व परिसराला मुक्तीची वार्ता दिली. जानेवारी १९६२ मध्ये पणजीत आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. ज्या सत्तेने गोव्यात शब्द रोखून धरला होता, तिचा पोर्तुगालमधील शेवटही नभोवाणीशी जोडलेला आहे: २४-२५ एप्रिल १९७४ च्या रात्री लष्करातील बंडखोर अधिकाऱ्यांनी उठावाचा संकेत म्हणून रेडिओवर लावलेली गाणीच वापरली, त्यानंतर पूर्वतपासणी रद्द झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

प्रसारकाने स्वतःच कार्यक्रम दडपणे ही गोष्ट केवळ हुकूमशाहीत घडते असे मानणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासावरील विज्ञानकथा-मालिकेचे ‘प्लेटोज स्टेपचिल्ड्रन’, ‘द एम्पाथ’ आणि ‘हूम गॉड्स डिस्ट्रॉय’ हे १९६८-६९ मधील भाग ब्रिटनच्या बीबीसीने, त्यांतील वेडेपणा, छळ आणि क्रौर्य प्रेक्षकांना अयोग्य ठरवून, १९९० नंतरच्या दशकापर्यंत दाखवलेच नाहीत. नाझी व्यवस्थेचे अनुकरण करणाऱ्या ग्रहाची कथा सांगणारा ‘पॅटर्न्स ऑफ फोर्स’ हा भाग जर्मनीच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर २०११ मध्ये प्रथम आला, आणि तिच्या उत्तरमालिकेतील १९९० च्या ‘द हाय ग्राउंड’ या भागात आयर्लंडच्या भावी एकीकरणाचा ओझरता उल्लेख असल्याने ब्रिटनमध्ये तो मूळ रूपात दिसण्यास दीर्घ काळ लागला. दूरच्या ग्रहावर नेलेली कथा निरुपद्रवी वाटावी, पण प्रसारकांना ती तशी वाटली नाही, कारण दशावतारातील दैत्याप्रमाणेच परग्रहावरील राजाही प्रेक्षक आपल्या काळाशी ताडून पाहतो. या निर्णयांमागे प्रसारकाचा सद्हेतू असला, तरी प्रेक्षकाला विचार करण्याची संधी न देता त्याच्यासाठी निर्णय घेतला गेला, एवढे साम्य उरतेच.

भारतातील या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद खटला मराठी समाजातून उभा राहिला. १९८८ मध्ये दूरदर्शनवरील ‘होनी अनहोनी’ ही अद्भुत घटनांवरची मालिका अंधश्रद्धा पसरवते, असे म्हणून महाराष्ट्रातील लोकविज्ञान संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने पुढील भागांच्या प्रक्षेपणास अंतरिम मनाई केली. १९८२ पासून या उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीतही असल्याने त्याची अधिकारकक्षा गोव्यापर्यंत होती. निर्माती कंपनी ‘ओडिसी कम्युनिकेशन्स’ सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि त्या न्यायालयाने मनाई उठवताना दूरदर्शनच्या अटींच्या अधीन राहून कार्यक्रम दाखवण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असे स्पष्ट केले. वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे घटनेने सांगितलेले कर्तव्य आहे आणि संघटनेची कळकळ खरी होती, तरीही त्या कळकळीला भाग रोखण्याऐवजी भागाला उत्तर देण्याचा मार्ग घ्यावा लागतो, हे या निर्णयाने शिकवले. पुढे फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. तरीही खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा आजही नाही.

गोव्याच्या अनुभवातून काढता येणारा निष्कर्ष असा, की प्रत्येक निर्बंध वाईट नसतो, पण ज्याचे कारण लिहिलेले नाही, ज्याविरुद्ध दाद मागता येत नाही आणि जो कोणाला दिसतही नाही, तो निर्बंध समाजाची विचारशक्ती पोखरतो. १९८८ चा खटला दोन्ही बाजूंनी उघड न्यायालयात लढला गेला, म्हणून त्याची चर्चा आज करता येते. निळ्या पेन्सिलीने काय खोडले, याचा हिशेब मात्र बहुतांशी हरवला आहे. म्हणूनच पेडणे, डिचोली आणि सत्तरी येथील जुन्या घरांत, देवस्थानांच्या दप्तरांत आणि नाट्यमंडळांच्या पेट्यांत परवानगीचे शिक्के असलेल्या ज्या संहिता, पत्रके आणि निमंत्रणपत्रिका अजून शिल्लक असतील, त्या गोव्याच्या पुराभिलेखागाराकडे वा विद्यापीठाकडे सुपूर्द व्हाव्यात, आणि गुप्त नभोवाणीशी संबंधित आठवणी व कागदपत्रे यांची पद्धतशीर नोंद व्हावी. हे काम जितके लांबेल तितका हा दडपलेला इतिहास पुन्हा एकदा न बोलताच विरत जाईल, आणि ते टाळण्याची जबाबदारी आजच्या गोमंतकीय व कोकणी वाचकांची आहे.